गौरींसमोर दोन चुली

हाउस टॅक्सचं बिल आलं त्या दिवशी आमचे हे भरल्या पानावरून उठले. बिल गेल्या वर्षीच्या जवळजवळ तिप्पट होतं. बनारसमधल्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, गटाराचं पाणी आठवड्यातून दोनदा उंबऱ्याला लागतं, आणि कचेरीच्या कागदावर आम्ही राहतो ‘महत्त्वाच्या पर्यटन क्षेत्रात’. हे, म्हणजे वासुदेव, बँकेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे सांभाळून रिटायर झालेले. राग आला की हे ओरडत नाहीत, चष्मा पुसतात. त्या दिवशी चष्मा पुसून पुसून काच झिजायची वेळ आली.

“भरायचं आपण, आणि खायचं कोणी?” एवढंच म्हणाले.

या ‘कोणी’ला आमच्या गल्लीत नाव होतं. दिनानाथ. चार मजली गेस्ट हाउस, दारात दोन मोटरसायकली, आणि चार मुलांच्या नावावर चार लाल कार्डं. लाल कार्ड म्हणजे सर्वांत गरिबांचं रेशन कार्ड. धान्य फुकट, आणि त्याच कार्डावर दवाखान्यातला इलाजही फुकट. रेशनच्या दुकानासमोर दिनानाथांची मोटरसायकल उभी दिसली की माझाही जळफळाट व्हायचा, खोटं कशाला सांगू?

गल्लीतली माणसं आमच्या चबुतऱ्यावर जमू लागली. टॅक्स कमी करा, हे तर होतंच. पण बोलणं दोन मिनिटांत टॅक्सवरून फुकट खाणाऱ्यांवर घसरायचं आणि मग तिथेच तासभर रंगायचं. शेवटी अर्ज करायचं ठरलं. टॅक्स घटवा आणि कार्डं पुन्हा तपासा. यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, म्हणून अर्ज मी लिहिला. यांनी सांगितलेलं लिहून झाल्यावर एक ओळ मी पदरची घातली: ‘हमारी गली में हर घर का चूल्हा जाकर देखा जाए।’ सगळ्यांनी वाहवा केली. मीही फुगले.

तेव्हा कालिंदी चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

कालिंदी माझी जाऊ. माझे दीर नीलकंठ जाऊन नऊ वर्षं झाली. खालच्या एका खोलीत ती आणि तिची सतरा वर्षांची देवश्री राहतात, बनारसी साड्यांना फॉल-पिको करून कालिंदी दोघींचं भागवते. तिची चूल वेगळी. आमटीत गूळ किती यावरून आम्ही दोघी भांडलो होतो, तेवढं निमित्त झालं. आणि हो, तिच्याकडेही लाल कार्ड होतं. ते अगदी खरं, हक्काचं. पण अर्ज लिहिताना ते माझ्या मनातही आलं नाही. आपल्या माणसाचं फुकट आपल्याला कधी फुकट वाटतच नाही.

“चहात साखर कमी झाली असेल, वहिनी,” एवढं म्हणून ती खाली गेली.

देवश्रीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. दोन वर्षं चकरा मारल्यावर ऑपरेशनची तारीख मिळाली होती, गौरी गेल्यानंतरचा सोमवार. त्याच कार्डावर.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. कुमारिकेने नदीवरून सात खडे आणायचे, घरी पोचेपर्यंत तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि वाटेत बोलायचं नाही. यंदा संकठा घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, वरच्याच पायरीवरून खडे वेचले. येताना देवश्री गल्लीत तीनदा थांबली. तोंडात पाणी, नाकाने श्वास पुरेना, ओठ जांभळे झाले. “थुंकून टाक गं पाणी, गौर काही रागवायची नाही,” मी म्हटलं. तिने मान हलवली आणि भिंत धरून पुन्हा चालू लागली. सोमवारपर्यंत ही नीट राहू दे, एवढंच मी वाटभर म्हणत होते.

सासूबाईंनी घालून दिलेला एक नियम आम्ही अजून पाळतो. भाऊ वेगळे झाले तरी गौर वेगळी होत नाही. गौरी घरात आहेत ते तीन दिवस सगळ्यांची चूल एक. कालिंदीची शेगडीच आम्ही उचलून वर आणतो, नाहीतरी घावनं घालायला माझ्या दोन बर्नरांनी भागत नाही. तिची भांडी वर, तिचे डबे वर. आणि त्या तीन दिवसांत घरात कोणी ‘वेगळं’ हा शब्द उच्चारायचा नाही.

दुसऱ्या दिवशी, नैवेद्याच्या ऐन घाईत, एक मुलगी जिना चढून आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, घामाने कुर्ता पाठीला चिकटलेला. नाव सुरुची म्हणाली. मी तव्यावर घावन पसरत होते, कालिंदी शेजारच्या शेगडीवर घाटलं ढवळत होती.

“आंटीजी, इस घर में चूल्हे कितने हैं?”

मला वाटलं, आली हाउस टॅक्सवाली. एकच कुटुंब दाखवलं तर टॅक्स कमी लागतो, असं चबुतऱ्यावर कोणीतरी म्हणालं होतं. शिवाय समोर गौरी बसलेल्या. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “एक। हमारे यहाँ एक ही चूल्हा है।”

“और नीचे वाला कमरा?”

“वो भी हमारा ही। देवरानी है मेरी, सब साथ खाते हैं।”

तिने दोन्ही शेगड्या एकाच ओट्यावर पाहिल्या. खाली जाऊन कालिंदीची खोलीही पाहिली. तिथे ना शेगडी, ना डबा. टॅबवर बोट टेकवलं आणि गेली. घाटलं ढवळणारा कालिंदीचा हात थांबला होता. तिला उकाड्याचा त्रास होत असेल, असं मला वाटलं.

जेवणं झाल्यावर पानं उचलताना ती हळूच म्हणाली, “वहिनी, ती टॅक्सवाली नव्हती. तिच्या टॅबवर माझ्या कार्डाचा नंबर होता.”

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. एक चूल म्हणजे एक कुटुंब. कुटुंबात बँकेचे पेन्शनर. म्हणजे कार्ड गेलं, आणि कार्डाबरोबर सोमवार गेला.

“मग तू तेव्हाच बोलली का नाहीस?”

“गौरी बसल्यात. आणि तुम्ही बोलून गेला होतात. मी वेगळी आहे म्हटलं असतं तर तुम्ही गौरींसमोर खोट्या ठरला असतात.”

हे दारात उभे होते. सगळं ऐकलं. “मी अर्ज दिनानाथसाठी केला होता,” असं कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले. मग कालिंदीकडे वळून, “ऑपरेशनचं मी बघतो. एफडी मोडू.”

“नको, भाऊजी.” कालिंदीने आवाज चढवला नाही. “चबुतऱ्यावर मी चहा देत होते तेव्हा फुकटे, फुकटे चाललं होतं. ते मी गिळलं, कारण कार्ड माझ्या नावावर आहे, मी कुणाचं खात नाही. आता तुमच्या खिशातून घेऊन मी कोण होऊ?”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आमच्याच घरात झाली होती. आणि दोर वळला होता मी. आपलेच दात आपलेच ओठ, चावायचं तरी कुणाला?

सुरुची संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यातच आहे असं कळलं. आम्ही दोघं तसेच निघालो, पायांत चपला आहेत की नाहीत हेही मी पाहिलं नाही. चौकात गर्दी होती. टॅक्सविरुद्ध सभा. यांनीच लिहून दिलेल्या घोषणा चालल्या होत्या: ‘टैक्स घटाओ, मुफ़्तखोरी हटाओ!’ यांना पाहताच लोकांनी वाट करून दिली, “आइए वासुदेवजी, दो शब्द बोलिए।” गर्दीच्या मधोमध सुरुची अडकली होती. दोन-तीन जण तिला घेरून विचारत होते, किती नावं कापली?

“इस गली में सात,” ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. मागे दिनानाथ निवांत पान चावत उभे होते. त्यांची चारही कार्डं शाबूत होती. त्यांनी प्रत्येक मजल्याच्या जिन्याखाली एकेक शेगडी मांडून ठेवली होती, चार सुनांच्या चार चुली. आम्ही दोन असताना एक सांगितली, त्यांनी एक असताना चार दाखवल्या.

यांनी चष्मा काढला, पुसला नाही, हातातच धरला. “उन सात में एक नाम मेरे घर का है,” म्हणाले. “वो ग़लत कटा है। उसे वापस लिखिए।”

मग मागून कोणीतरी खदखदून हसलं, “वाह वासुदेवजी! दूसरे का मुफ़्त, मुफ़्त। अपने घर का मुफ़्त, हक़?”

मग एकच गलका झाला. कोणी म्हणालं, सगळे सारखेच चोर. कोणी म्हणालं, यांच्या घरात लाल कार्ड आहे हे सांगितलं का नाही? कालपर्यंत यांच्या शब्दाला मान डोलावणारी माणसं यांना खांद्याने ढकलू लागली. मी पुढे होऊन सुरुचीचा हात धरला. “बेटा, मैंने झूठ बोला था। दो चूल्हे हैं।”

ती थकलेली होती, पण वाईट नव्हती. घड्याळ पाहून म्हणाली, “पाँच बजे लिस्ट चली जाएगी, आंटी। चूल्हा अलग जलता दिखाइए, फ़ोटो लेनी होगी। और घर वालों का बयान।”

पावणेपाच झाले होते. आम्ही निघालो तशी अर्धी सभा आमच्या मागे निघाली. यांची चूल खरंच वेगळी आहे का, ते आता सगळ्यांना बघायचं होतं. अर्जात मीच लिहिलं होतं ना, हर घर का चूल्हा जाकर देखा जाए!

जिना लोकांनी भरून गेला. सुरुची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, मागे माणसं एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती. ओट्यावर दोन शेगड्या, कोनाड्यात गौरी, आणि त्यांच्यासमोर कालिंदी. देवश्री भिंतीला टेकून श्वास मोजत होती.

“बताइए, ये परिवार आपसे अलग है?” सुरुचीने विचारलं आणि टॅब माझ्या तोंडासमोर धरला.

चाळीस वर्षांत त्या तीन दिवसांत मी तो शब्द उच्चारला नव्हता. मी गौरींकडे पाहिलं नाही, देवश्रीच्या ओठांकडे पाहिलं.

“अलग है,” मी म्हटलं. “नौ साल से अलग है। खाना अलग, चूल्हा अलग। आज त्योहार है, इसलिए ऊपर लाए थे।”

मग मी कालिंदीची शेगडी उचलली. अजून कोमट होती. लोक बाजूला सरले, मी ती खाली नेली. हे मागून सिलिंडर घेऊन आले, रबरी नळी यांनीच लावली. काडी कालिंदीने पेटवली. दुधाचं पातेलं ठेवलं. सुरुचीने फोटो घेतला, यांनी बयानाखाली सही केली, आणि तिने बोट टेकवलं. पाच वाजायला चार मिनिटं होती.

“हो गया, आंटी। नाम वापस आ गया।”

“सेटिंग हो गई,” बाहेर कोणीतरी म्हणालं, आणि लोक पांगले. यांच्याशी कोणी बोललं नाही. उद्या चबुतऱ्यावर कोणी येणार नाही हे आम्हाला दोघांनाही कळलं होतं. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. सोमवार परत मिळाला होता, मी देवश्रीला जवळ घेऊन रडून घेतलं.

दिवेलागणीला आरती झाली. कालिंदी आली, मागे उभी राहिली, प्रसाद घेऊन खाली गेली. मी घावनं गरम करून चार पानं मांडली. दुपारचं घाटलंही पुष्कळ उरलं होतं. वाट पाहिली, मग जिन्यातून हाक मारली. बऱ्याच वेळाने देवश्री एकटीच वर आली, पायरीपायरीवर थांबत.

“काकू, आम्ही खालीच जेवतोय. आईने वरण-भात लावलाय.”

“अगं, गौरी उठेपर्यंत एकत्र जेवायचं असतं. ती रागावलीय का माझ्यावर?”

“नाही हो, काकू.” तिने मान हलवली, नदीवरून येताना हलवली होती तशीच. “ती म्हणाली, वहिनींनी गौरींसमोर सांगितलंय, चूल वेगळी आहे म्हणून. आता आम्ही वर जेवलो तर वहिनी खोट्या ठरतील.”

खालून कुकरची शिट्टी ऐकू आली. मी दोन पानं उचलून ठेवली. हे जेवायला बसले, आणि मी त्यांना वाढलं.