साक्षात्काराचा आलेख

डॉक्टरसाहेबांच्या प्रयोगशाळेत परकी भाषा फुकट शिकवत, पण डोक्याला तारांची टोपी घालून. अर्थ अचानक उमजला की मेंदूत म्हणे लाट उठते. ती पकडायला साहेब तीन वर्षं टपून बसले होते. उमजलं की बटण दाबायचं, एवढंच शिकणाऱ्याचं काम. पण माणसं एवढी भिडस्त, की साहेबांना वाईट वाटू नये म्हणून काही न उमजताच दाबायची. बटणं शेकड्यांनी वाजली, लाट एक नाही. साहेब यंत्राच्या नावाने बोटं मोडत.

निवृत्त पोस्टमन तेवढा खरा गरजू. लेक परदेशात, सहा वर्षांच्या नातीला फक्त बापाची भाषा येई. दर रविवारी फोनवर नात काहीतरी चिवचिवे आणि लेक सांगे, "म्हणतेय, आजोबा मला खूप आवडतात." जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवलेल्या म्हाताऱ्याला नातीचा एक शब्द तरी मधल्या माणसाशिवाय हवा होता. त्यासाठी तो आठ महिने घोकत होता.

हा शोध मांडायची परिषद आठवड्यावर आली तेव्हा साहेबांना युक्ती सुचली. "काका, रविवारचा फोन इथूनच लावा. टोपी काढू नका."

पडद्यावर नात आली ती तोंड फुगवूनच. भरभर काहीतरी बोलली. आणि पोस्टमनला ते कळलं. शब्द जुळवावे लागले नाहीत, सगळं वाक्य लख्ख कळलं : "मला ह्या म्हाताऱ्याशी नाही बोलायचं. दर वेळी का बोलावतेस?"

"म्हणतेय, टोपीत आजोबा किती गोड दिसतात!" लेक हसत म्हणाली.

त्याचा हात बटणाकडे गेलाच नाही. पण शेजारच्या पडद्यावर रेघ उसळली आणि साहेब नाचायचेच तेवढे बाकी राहिले. "उठली! काका, लाट उठली!" मदतनीस बाईंनी टाळ्या वाजवल्या. काय उमजलं, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. तो रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

हेच कळावं म्हणून आठ महिने घोकलं? मग नातीच्याच भाषेत, अडखळत पण नीट, पोस्टमन म्हणाला, "जा बाळा, खेळ. मी नाही रागावलो."

नातीचे डोळे मोठे झाले. लेकीचं हसू जागच्या जागी मावळलं.

"बाबा... तुम्हाला कधीपासून कळतंय?"

"आत्तापासून."

"शाबास!" मागून साहेब ओरडले. "पण एक पुरावा पुरत नाही, काका. तिला तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणायला सांगा ना."