चंद्रीचा पान्हा

चंद्री म्हैस शिवबाईशिवाय कुणाला थेंबभर दूध द्यायची नाही, हे सगळ्या शुक्रवार पेठेला ठाऊक होतं. रेडकू दगावलं तेव्हा तिनं पान्हाच चोरला होता. मग शिवबाई रोज पुढ्यात पेंड ठेवून, कास चोळत कानडीत हाक मारू लागली, "बा नन्नव्वा, बा." ये गं माझे आई, ये. होता होता पेंड नसली तरी नुसत्या हाकेनं धारा सुटू लागल्या. पुण्यात मानसशास्त्र शिकणारी नात सिद्धेश्वरी म्हणाली, याला अभिसंधान म्हणतात, घंटा ऐकून कुत्र्याला लाळ सुटते तसं. शिवबाईला कुत्र्याची उपमा मुळीच रुचली नाही. तिच्या लेखी ती माया होती.

मुलाला, बसूला, गोठ्याच्या जागी दुकान काढायचं होतं. पण म्हशीला गिऱ्हाईक यायचं, धार काढून बघायचं आणि कोरडी बादली ठेवून परत जायचं. म्हातारी गालातल्या गालात हसायची. आपला आवाज आहे तोवर चंद्री कुठं जात नाही, याची तिला खात्री होती.

एकदा बसूनं मोबाइल तिच्या तोंडापुढं धरला. सिद्धेश्वरीला होस्टेलवर करमत नाही, तिला तुझी हाक ऐकव म्हणाला. शिवबाई हरखली आणि दोनदा म्हणाली.

पुढं ती भावाकडं अक्कलकोटला गेली, परतली तर गोठा रिकामा. मैंदर्गीच्या रुद्रप्पानं म्हैस नेली होती. दूध देणार नाही, आपसूक परत येईल, असं स्वतःला समजावत तिनं एसटी गाठली. रुद्रप्पाच्या गोठ्यात कोनाड्यातून तिचाच आवाज येत होता. चंद्री डोळे मिटून उभी, बादलीत फेस चढलेला.

"लई गुणाची म्हस हाय," रुद्रप्पा भाबडेपणानं म्हणाला. "बसूनंच आवाज दिला की मोबाइलात."

पोटच्या पोरानं केसानं गळा कापला होता, तोही तिच्याच आवाजानं. आणि चंद्रीनं तिच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. परतीच्या वाटेवर तिनं ठरवलं, आजपासून चूल वेगळी, त्याचं तोंड बघायचं नाही.

बसू उंबऱ्यात उभा होता. एरवी तो तिला म्हातारे म्हणायचा. काही हवं असलं, तरच त्याचा आवाज मऊ व्हायचा, अगदी लहानपणापासून.

"अव्वा, दमलीस की गं," तो म्हणाला. "गोठा आता पाडू की?"

त्या एका 'अव्वा'नं तिचा ऊर भरून आला. हात आपोआप त्याच्या गालाकडं गेला, मानही होकारार्थी हलली. हे पोरानं आपल्याला कधीच शिकवून ठेवलंय, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण हात काही मागं येईना.