कार्मेनमातेचा बल्ब

धुक्याला मी भीत नाही. मनिसालेसहून फ्रेस्नोला जाणारा हा घाट मी लग्नापासून ओलांडते आहे. लेत्रासच्या माथ्यावर धुकं नसलं तरच मला चुकल्यासारखं वाटतं. मी भिते ते धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला. त्याला आपल्या गाडीचा मागचा लाल दिवा दिसला तर आपण आहोत, नाहीतर नाही.

त्या दिवशी आम्ही तिघं घरी परतत होतो. मोटरसायकलवर माझा नवरा एवेलियो, त्याच्या मागे मी आणि बाजूला जोडलेल्या डब्यात पांढरी शाल पांघरून माझी सासू, ओतिलियाबाई. गाडी जर्मन, पोलिसांनी वापरून विकलेली, वयाने माझ्याहून मोठी. नवऱ्याचा जीव आधी तिच्यावर, मग आईवर आणि उरलासुरला माझ्यावर.

आदल्या दिवशी मनिसालेसला ड्रायव्हरांची राखण करणाऱ्या कार्मेनमातेचा सण होता. ट्रक, बस, टॅक्स्या, सगळ्यांना फुगे बांधलेले आणि पाद्रीबाबा प्रत्येक गाडीवर पवित्र पाणी शिंपडत होते. आमच्या डब्याच्या पुढच्या टोकावर मातेची छोटी मूर्ती आहे. तिच्यासमोर दिवा हवाच, म्हणून सासूबाई हटून बसल्या. सणामुळे दुकानं बंद. एवेलियोने हँडलजवळचा बॅटरीचा लाल इशारादिवा उघडला, त्यातला बल्ब काढला आणि मातेला लावला. तसाही तो दिवा त्याच्या डोळ्यांत खुपायचा. गाडी हळू झाली की पेटायचा, पळायला लागली की विझायचा. मेला चुगलखोर, असं म्हणत त्याने त्या भोकावर टेप चिकटवली. आम्हीही हसलो.

सकाळपासून धुकं होतं, त्यामुळे सगळा चढ हेडलाइट लावूनच चढलो. माथ्यावर गुळाचं गरम पाणी प्यायलो आणि उतरायला लागलो. थोड्या वेळाने मातेचा दिवा पिवळा पडला. माता रुसली, असं सासूबाई पुटपुटल्या. मग हेडलाइट मंदावला आणि इंजिन खोकू लागलं. मी मान वळवून मागे पाहिलं. मागचा दिवा विडीच्या टोकाएवढा उरला होता.

एवेलियोने गाडी कडेला लावली. तिथे थांबायला जागाच नव्हती, अर्धी गाडी रस्त्यावर होती. इंजिन त्याने बंद केलं नाही. एकदा बंद पडलं असतं तर पुन्हा चालू झालं नसतं. त्याने बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. फ्यूज पाहिला, शाबूत होता. मग तो त्याच वायरी पुन्हा पुन्हा हलवू लागला. अख्खी गाडी डोळे मिटून खोलणारा माणूस तो. त्याला असं चाचपडताना पाहिलं आणि माझा धीर सुटला.

"आज किल्ली फिरवली तेव्हा तो लाल दिवा पेटला नव्हता," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"पेटेल कसा? त्याचा बल्ब तर मातेला..." एवेलियो बोलता बोलता थांबला.

मग भराभरा त्याने सांगितलं. हातपंपात आधी तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय पाणी येत नाही, तसा हा वीज बनवणारा डायनामो. त्याला पहिला घोट त्या बल्बातूनच मिळतो. बल्ब काढला, डायनामो उपाशी राहिला आणि सकाळपासून आम्ही नुसती बॅटरी खात आलो.

तो मातेकडे वळला. सासूबाईंनी मूर्तीवर दोन्ही हात धरले.

"हात लावू नकोस. पवित्र पाणी पडलंय त्याच्यावर. मातेला अंधारात ठेवून हा घाट उतरणार तू?"

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. बल्ब काढायचीही भीती आणि ठेवायचीही. तेवढ्यात वरच्या वळणावर ट्रकच्या ब्रेकचा फुसकारा ऐकू आला. मी सासूबाईंच्या अंगावरची शाल ओढली आणि मागे धावले.

चार पावलं गेले असेन, तोच धुक्यात दोन पिवळे डाग दिसले. मी शाल हलवत ओरडत होते. पांढऱ्या धुक्यात पांढरी शाल कोणाला दिसणार, हे मला तेव्हा सुचलं. तरी मी ती हलवतच राहिले. डाग मोठे होत आले.

आणि हातातली शाल लाल झाली. मला वाटलं, ट्रकने मला उडवलं. पण माझे हात लाल होते, बाह्या लाल होत्या, भोवतालचं धुकंही लाल होतं. मागे एवेलियो ब्रेक दाबून उभा होता, गाडीचा मागचा लाल दिवा भगभगत होता आणि इंजिन मोठ्याने गुरगुरत होतं. ट्रक माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. मी तिथेच रस्त्यावर बसले आणि रडले.

मी धावले त्याच क्षणी सासूबाईंनी स्वतः बल्ब उपसून लेकाच्या हातात दिला होता. त्याने तो हँडलजवळच्या भोकात बसवून इंजिन पळवलं, तसा डायनामो जागा झाला. हे एवेलियोने मला नंतर सांगितलं.

ट्रकवाला खाली उतरला. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग मूर्तीकडे पाहून त्याने छातीवर क्रूस काढला.

"मावशी, तुमच्या मातेचा दिवा विझलाय."

शालीविना सासूबाई कुडकुडत होत्या.

"विझला नाही, पोरा. कामावर गेलाय."

फ्रेस्नोपर्यंत तो ट्रक आमच्या मागे राहिला, त्याचे दिवे आमच्यावर धरून. वळणावर गाडी हळू झाली की हँडलजवळचा लाल दिवा पेटायचा, आणि दर वेळी सासूबाई त्याच्याकडे पाहून क्रूस काढायच्या.