रिकाम्या पोटाची हमी

"पेशंटचं पोट रिकामं आहे की नाही, हे नर्सने सांगायचं. चुकलं तर कोर्टात नर्सच उभी राहते," असं आमच्या मेट्रनबाई दर ऑपरेशनआधी बजावायच्या. वाशी तेव्हा नवीनच वसत होती. आमच्या खाजगी दवाखान्यात खाडीकाठचा रामचंद्र कोळी हर्नियासाठी दाखल झाला होता, बायको पुतळाबाई सोबत. सकाळी दोघांना दटावून विचारलं, काही खाल्लं-प्यालं नाही ना? दोघंही म्हणाले, "नाय." तसं मी डॉक्टरांना सांगितलं.

त्याला आत नेलं आणि मी व्हरांड्यात आले, तर पुतळाबाईपुढे केळीचं पान. त्यावर उरलेला शिरा आणि खोबरं.

"हे काय?"

"एकवीरा आईचा परसाद. त्यालाबी दिला पोटभर."

"कपाळ माझं! मी विचारलं होतं ना?"

"तुमी खाल्लं का इचारलं. परसाद काय खानं हाय?"

माझं धाबंच दणाणलं. भुलीत पोटातलं वर आलं, तर ते श्वासनळीत जातं आणि माणूस टेबलावरच गुदमरतो. मी पळत आत गेले. भुलीच्या अरविंद डॉक्टरांनी मास्क उचललाच होता.

"थांबा. याने शिरा खाल्लाय."

"मघाशी तर रिकामं म्हणालात."

बायकोवर शेकेल म्हणून रामचंद्र छताकडे बघत म्हणाला, "कायच नाय खाल्लं, साहेब."

मुंबईहून आलेले सर्जन वैतागले. "सिस्टर, बाजूला व्हा. मला पुलापलीकडे परत जायचंय."

नोकरी गेली तर नांदेडला घरी कुठल्या तोंडाने जाणार? आणि गप्प राहिले तर हा जातोय. मी सरळ रामचंद्रच्या तोंडावर हात ठेवला.

"हा हात काढा आणि मग द्या भूल. पोलीस आले तर जे आहे तेच सांगेन मी."

आवाज कसला चिरका निघाला! पण अरविंद डॉक्टरांनी मास्क खाली ठेवला, रामचंद्रला उठवून बसवलं आणि घशात नळी घातली. त्याला उमासा आला. शिरा, खोबरं, सगळं बाहेर पडलं. सर्जननी हातमोजे काढले.

पुतळाबाईची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून मी तणतणत बाहेर गेले. काय झालं असतं ते तिला फोड करून सांगितलं.

"म्हंजे माज्या हातनं मेला असता?"

मला नाही म्हणता येईना. तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला.