ज्याच्या हाती डस्टर, त्यानेच बोलायचं

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. पाठ सागवानी, पोट जाड कापडाचं आणि स्वभाव संशयी. तो असा का झाला, ते आधी ऐका.

ग्वाल्हेरात महाराज बाडा चौकाजवळच्या एका मराठी शाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. फळा मी मन लावून पुसला, पण नाव झालं ते दुसऱ्याच कामासाठी. महिपतराव सर माझी लाकडी पाठ मुलांच्या बोटांवर मारत. मी दिसलो की मुलं हात मागे लपवत. मला फार वाईट वाटे, पण डस्टरला विचारतो कोण?

पुढे सर निवृत्त झाले, वर्गात पांढरा फळा आला आणि मी तिथल्याच कपाटात गेलो. यंदा नव्या विजयाबाईंनी मला बाहेर काढून झटकलं आणि सातवीच्या मुलांना गोलात बसवलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. बाई गोड बोलत होत्या, म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

"स्नेहसंमेलनातलं नाटक मराठीत करायचं की हिंदीत, हे आज तुम्ही ठरवायचं," बाई म्हणाल्या. "डस्टर ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, मीसुद्धा. सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कोणाला दुसऱ्यांदा मिळणार नाही."

मुलांनाही माझा संशय आला. गरिमाने तर मला दोन बोटांनी उचललं. एरवी एकटाच वर्गभर बोलणारा मोहित, आपला नंबर कधी येतो म्हणून तळमळत होता. त्याच्याआधी मी तन्वीकडे आलो. वर्ष सुरू झाल्यापासून ही मुलगी वर्गात एक शब्द बोलली नव्हती. आतल्या गाठीची दिसते, मी मनात म्हटलं.

"नाटक मराठीतच करू," ती हळूच म्हणाली. "मला नीट येत नाही, पण मी चेष्टा करीन."

वर्ग खो खो हसला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. मोहित तर लोळलाच. "ये तो नाटक की ही चेष्टा करेगी!" बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांच्या हातात नव्हतो.

मला खाली ठेवायला तन्वी वाकली. तिने ठेवलं असतं तर ती पुन्हा कधी बोलली नसती, हे मला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणाच्या तरी हातात राहावंसं वाटलं.

तिने मला घट्ट धरलं. "रुको. डस्टर अजून माझ्याकडे आहे. आई हिंदीत बोलते, बाबा मराठीत. मी हिंदीत सोचते आणि मराठीत बोलते, म्हणून गडबड होते. तुम्ही हसता, म्हणून मी बोलतच नाही. नाटकात सगळं लिहिलेलं असतं ना? तिथे तरी गलत नाही होणार."

मग मी मोहितकडे गेलो. तो मला नुसता उलटापालटा करत राहिला.

"मला वाटायचं, ही घमंडी आहे," तो शेवटी म्हणाला. "सॉरी. नाटक मराठीत. आणि सोचतो तर मी पण हिंदीतच."

मित्रांनो, मला माझीच शरम वाटली. संशय घेण्याची माझी खोड जायची नाही, तुमचीही कदाचित जाणार नाही. पण वर्गात कोणी गप्प बसलेलं दिसलं, तर त्याला घमंडी, मठ्ठ, आतल्या गाठीचं ठरवण्याआधी एवढं बघा: त्याला कधी कोणी बोलायला दिलं होतं का? आणि दिलं असेल, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत कोणी थांबलं होतं का?