दोन शनिवारांची खाट

मित्रांनो, मी एक घडीची लोखंडी खाट. माझे निम्म्याहून जास्त आयुष्य दाराआड, भिंतीकडे तोंड करून गेले. मी उघडताना कुरकुरते, पण तो वयाचा दोष आहे, स्वभावाचा नाही.

एका कारखान्यात माझे पाय वाकवले, पट्ट्या विणल्या. मग दुकानात बरीच धूळ खाल्ली. एके दिवशी एक घड्याळजी आला. त्याचा घटस्फोट झाला होता. लेक आईकडे राहणार आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार बापाकडे, असे कोर्टाने ठरवून दिले होते. त्याची खोली एवढीशी, म्हणून त्याने मला निवडले. घेण्याआधी स्वतः आडवा होऊन, कुठे टोचत तर नाही ना, हे त्याने पाहिले. इतकी विचारपूस माझी पुन्हा कुणी केली नाही.

शनिवारी लेक आली. तो तिला भिंगरी म्हणायचा. माझ्यावर उड्या मारून मारून ती दमली आणि मी धन्य झाले.

पण रविवारी संध्याकाळी बापातला घड्याळजी जागा व्हायचा. गिऱ्हाइकाची वस्तू बारीकशा स्क्रूसकट परत करायची, ही त्याची सवय. पेन्सिल, मोजे, केसांचे रबरसुद्धा शोधून तो तिच्या पिशवीत भरायचा. तिच्या आईने नावे ठेवू नयेत, म्हणून सारी धडपड. ती गेली की मी पुन्हा दाराआड. ते दिवस सरता सरत नसत.

भिंगरीही काही कमी नव्हती. निघताना ती माझ्या बिजागरीत हळूच एक क्लिप खोचायची. पण घड्याळजीची नजर ती! क्लिप घेऊन तो जिन्यावरून धावत सुटायचा. "विसरलीस बघ, वेंधळे!" मला फार वाईट वाटायचे.

मग एका शनिवारी ती आलीच नाही. पुढच्या खेपेलाही नाही. माझ्यावर चादर अंथरलेली, आणि तो काठावर बसून तिच्या आईशी फोनवर बोलत होता.

"मी अडवत नाहीये तिला," आई म्हणाली. "तीच म्हणते, तिकडे माझं काहीच नाही. मी पाहुणी आहे."

फोन ठेवून तो उठला. त्याने चादर ओढली आणि पट्टीखाली अगदी आत सरकवलेली निळी क्लिप त्याला दिसली. ही एक त्याच्या नजरेतून निसटली होती. ती हातात घेऊन तो पुन्हा काठावर बसला. मग त्याने पुन्हा फोन लावला आणि लेकीला फोन द्यायला सांगितले.

"भिंगरे, तुझी निळी क्लिप सापडली. आणून देऊ, की... इथेच राहू दे?"

"राहू दे," ती म्हणाली. "मला शनिवारी लागेल."

तेव्हापासून त्याने मला मिटलेले नाही. खोलीत चालायला जागा उरली नाही. येता-जाता माझा पाय त्याच्या नडगीला लागतो आणि तो कळवळतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर माणूस उंबऱ्याबाहेर पडताच तिला मिटू नका.

आज मंगळवार आहे. क्लिप उशीवर आहे.