इंजिनाची जागा

कल्याणप्पांनी उपरण्याचे टोक टॅबलेटवर पसरून काचेचा खालचा अर्धा भाग झाकला. इतरांची उत्तरे तिथे असत, आणि ती आधी दिसली तर पाहण्यातले पावित्र्य जाते, असे त्यांचे मत होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि दोन बोटांनी छायाचित्र मोठे केले.

“आलं का कोडं?” स्वयंपाकघरातून शिवकांताबाईंनी विचारले.

“आलं. जरा गप्प बस आता.”

“मी कुठं बोलतेय? तुम्हीच बोलताय.”

देशभरातल्या विमानवेड्यांचा तो गट होता. दर आठवड्याला एखाद्या दुर्मीळ विमानाच्या कॉकपिटचे, म्हणजे वैमानिक बसतो त्या जागेचे, छायाचित्र येई. पंख दिसत नसत, शेपूट दिसत नसे. केवळ आतून पाहून विमान ओळखायचे. कोडे कोणी घातले, हेही उत्तर लागेपर्यंत गुप्त राही. कल्याणप्पांनी धाराशिवच्या शाळेत जन्मभर संस्कृत शिकवले होते आणि विमानात ते एकदाही बसले नव्हते. परंतु कळस पाहून देऊळ कोणीही सांगतो, गाभाऱ्यात उभे राहून सांगता आले पाहिजे, असे ते म्हणत. त्यांची रीत उपनिषदांतली होती. नेति, नेति. हे नव्हे, तेही नव्हे, असे सारत गेले की शेवटी उरते ते खरे. अशाच रीतीने त्यांनी एकदा वैमानिक पालथा पडून उडवी ते विमान ओळखले होते, आणि एकदा समोर खिडकीच नसलेले. उत्तर सापडले की ते आधी हात जोडत, मग लिहीत.

श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावा हात मंदावला आणि डावा पाय निजला. पाय फिरवत राहिलात तर जागा होईल, उन्हाळ्यापर्यंत नाही झाला तर खुर्ची कायमची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. पुण्याच्या लेकीने खुर्चीत बसून पायडल मारायचे एक लहानसे यंत्र पाठवले. बसल्या जागी पायडल मारून मनुष्य पोचतो कुठे, असे विचारून कल्याणप्पांनी ते पलंगाखाली सरकवायला लावले होते. त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोलत नसे.

दाराची कडी वाजली. शंभुलिंग जळकोटहून आला होता. हवाई दलात विमानांचे काटे-तबकड्या बसवण्यात त्याची सारी नोकरी सरली होती; कॉकपिटचे वेड कल्याणप्पांना लागले ते ह्या बालमित्रामुळेच, आणि त्या गटातही तो होता.

“वहिनी, हे घ्या. कालची येळवशीची भज्जी हाय, आन् ह्या बिंदग्यात अंबील. पाहुणा शेतात आला न्हाय, मग शेतच आणलं इथं.”

कल्याणप्पांनी मान वर केली नाही. वेळा अमावास्येला, म्हणजे येळवशीला, शंभुलिंगाच्या रानात, कडब्याच्या खोपीपुढे पंगतीला बसायचे, हे लहानपणापासून कधी चुकले नव्हते. यंदा चुकले होते.

“काय गुर्जी, अडलंय वाटतं?”

“अडलं नाही. बघतोय.”

“बघ, बघ. डोळ्यात मोती पिकलाय का तुझ्या?” शंभुलिंग हसला. “म्हंजे मोतीबिंदू म्हणतोय म्या.”

“तुझी जीभ आधी तपासून घे. शिवकांता, ह्याला चहा दे, म्हणजे तोंड बंद राहील.”

पण छायाचित्र विचित्र होते. भिंती होत्या त्या पातळ, पारदर्शक; पतंगाला चिकटवावी तशी जागोजाग चिकटपट्टी लावलेली. बारीक नळ्यांचा सांगाडा. एक अरुंद बैठक. समोर दोनच लहान मापकयंत्रे आणि कडेला पाण्याची बाटली. खाली अंधारात दोन पायडली. त्या प्रत्येक विमानात असतात, नाक डावी-उजवीकडे वळवायला. कल्याणप्पांची नजर सवयीने त्यांच्यावरून पुढे गेली होती.

“इंधनाचा काटा नाही,” ते सावकाश म्हणाले. “तेलाचा नाही. इंजिन तापलं ते सांगणाराही नाही. म्हणजे इंजिनच नाही.”

“मग ग्लायडर म्हण की. मोकळा हो.”

“ग्लायडर नव्हे.” बोट काचेवर खाली सरकले, तसे उपरणेही सरकले, ते त्यांच्या ध्यानात आले नाही. “ग्लायडरला साखळी कशाला?”

पायडलींपासून एक बारीक साखळी वर चढत होती आणि चित्राच्या कडेपाशी दिसेनाशी होत होती. पायडलींना पट्टे होते, पाऊल घट्ट बांधण्यासाठी. कल्याणप्पा पुष्कळ वेळ त्या पट्ट्यांकडे पाहत राहिले. शिवकांताबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातातच धरून उभ्या राहिल्या.

“शंभू,” कल्याणप्पांचा आवाज एकदम खाली आला, “अरे, इंजिनाच्या जागी माणूस बसायचा.”

उजवा हात वर आला. डावा आपोआप आला नाही. तो त्यांनी उजव्याने उचलून जोडला.

शंभुलिंगाची थट्टा ओसरली. “व्हय. हे इमान समुद्रावरून गेलंय, कल्याण. इंग्लंडातून फ्रान्सला.”

“निव्वळ पायांनी?”

“निव्वळ पायांनी. मधी लई दमला गडी. पाणी संपलं. आता न्हाय जमत, वढून न्या, म्हणून त्यानं खालच्या बोटीला खूण केली. पर दोर अडकवायचा तर बोटीला इमानाखाली यावं लागतंय. म्हणून तेवढ्यापुरता जरासा वर उठला. आन् वर वारा शांत! खाली लाटांजवळच सगळा धिंगाणा होता. मग बोटीला म्हणला, ऱ्हाऊ दे.”

अंगणात कुणाची तरी सायकल वाजून गेली. कल्याणप्पांनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला.

“किती वेळ मारलं पायडल त्यानं?”

“पलीकडचा किनारा येईस्तोवर.”

 मग कल्याणप्पांना काही आठवले. त्यांनी टॅबलेट उलटून उत्तरांवरून नजर फिरवली.

“सगळ्यांची उत्तरं आहेत. तुझं नाही.”

“ज्यानं कोडं घातलं त्यानं सोडवायचं नसतंय,” शंभुलिंग म्हणाला आणि अंबिलीच्या बिंदग्याचे फडके उगाच नीट करू लागला. शिवकांताबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

कल्याणप्पांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. रागावतील असे वाटले, पण त्यांनी फक्त खांद्यावरचे उपरणे काढून त्याची घडी घातली.

“अगं, ते पलंगाखालचं काढ.”

शंभुलिंगाने यंत्र ओढून खुर्चीपुढे ठेवले. शिवकांताबाई खाली बसल्या. त्यांनी निजलेला पाय उचलून पायडलीवर ठेवला; तो घसरला. कल्याणप्पांनी उपरणे पुढे केले.

“पूजेचं आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणूनच. बांध.”

“घट्ट बांधू?”

“त्यानं बांधला होता तसा.”

गाठ बसली. कल्याणप्पांनी खुर्चीचे हात धरले, समोर भिंतीकडे पाहिले आणि उजव्या पायाने जोर लावला. यंत्र कुरकुरले. उजवा पाय खाली गेला; आणि त्याच दांड्याला जोडलेला डावा, श्रावणानंतर पहिल्यांदाच, कोणी न उचलता जमिनीपासून वर उठला.